वयाचा दाखला आणि पायांची साक्ष

पासष्टी ओलांडलेल्या गृहस्थाने एखाद्या रात्री पानावर बसल्या बसल्या, "यंदा हिमालयात जाऊन यावे म्हणतो," असा सहज उद्गार काढला की सुखवस्तू मराठी घरात क्षणभर जी शांतता पसरते ती संमतीची नसते, हे त्या गृहस्थासही ठाऊक असते. चिरंजीव रक्तदाबाची आठवण देतात, सूनबाई गुडघ्यांची. परदेशी असलेली कन्या दूरध्वनीवरून मागे कधी तरी घातलेल्या स्टेंटचा दाखला काढते. आणि भाजीचे भांडे फिरून जागेवर येण्यापूर्वीच त्या दरखास्तीवर 'नामंजूर' असा शेरा पडून प्रकरण दप्तरी दाखल झालेले असते. या निर्णयामागे प्रेम असते याविषयी मला यत्किंचितही संशय नाही. परंतु प्रेमापोटी निघालेला हुकूम हाही अखेर हुकूमच, आणि ज्याच्या देहाविषयी तो निघतो त्याचे म्हणणे ऐकून न घेता तो निघाला असेल, तर त्याची फेरतपासणी मागण्याचा अधिकार त्या देहाच्या धन्यास असलाच पाहिजे.

आपल्याकडील जुनी वहिवाट नेमकी याच्या उलट होती. आगगाडी येण्यापूर्वीच्या काळात काशीयात्रेस जो निघे तो बहुधा उतारवयाचाच असे. मुलींची लग्ने उरकलेली, जमीनजुमला व देवघेवीच्या वह्या मुलाच्या हवाली केलेल्या, कर्जाची फेड झालेली, आणि परत येणे घडेल न घडेल या हिशेबाने भाऊबंदांचा निरोप घेतलेला असा मनुष्य चांगली सोबत पाहून घराबाहेर पडे, महिनोन्‌महिने चाले, आणि सुखरूप परतलाच तर चार माणसे जेवू घालून मावंदे करी. तरुणाने संसार टाकून भटकणे लोकांना विपरीत वाटे. वृद्धाने निघणे मात्र रीतीस धरून होते. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मला प्रयोजन नाही, कारण पटकीच्या साथींनी यात्रेच्या वाटांवर किती माणसे नेली याची स्मृती एकोणिसाव्या शतकातील कागदपत्रांत पुरेशी जागी आहे. तथापि प्रवास हा वार्धक्याचा स्वाभाविक व्यवसाय आहे ही जी समजूत त्या वहिवाटीच्या मुळाशी होती, ती आपण केव्हा सोडून दिली? माझा तर्क असा की व्याधींची नावे कळू लागली तेव्हापासून. पूर्वी ज्यास नुसता 'दम लागे' त्याच्या हाती आज तपासण्यांची जाडजूड फाईल असते, आणि ती फाईल वाचावयास घरातील प्रत्येकास येते.

सरकारचे धोरण या बाबतीत दोन दिशांना तोंड करून उभे आहे. राज्याच्या एस.टी. महामंडळाने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांस मोफत प्रवासाची मुभा दिली. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांस निम्मे तिकीट लागते. परिणाम कोणत्याही तालुक्याच्या स्थानकावर उभे राहिल्यास दिसतो: ज्या आजीबाई पूर्वी फक्त लग्नाकार्याला किंवा दवाखान्यात जाण्यापुरत्या गाडीत चढत, त्या आता कोल्हापूर, तुळजापूर, शेगाव अशी नावे वाहकाला ठणकावून सांगतात. केंद्राच्या रेल्वेचा कारभार मात्र उलटा. साठी झालेल्या पुरुषांस चाळीस टक्के व अठ्ठावन्न वर्षांच्या पुढील स्त्रियांस पन्नास टक्के अशी जी भाड्यातील सूट होती ती २० मार्च २०२० रोजी करोनाच्या कारणास्तव थांबविण्यात आली. करोना गेला, गाड्या पूर्ववत धावू लागल्या; सूट परत आली नाही. वृद्धांनी अनावश्यक प्रवास करू नये हा त्या वेळचा हेतू समजण्यासारखा होता, पण साथीच्या दिवसांत आवश्यक ठरलेले बंधन साथ संपल्यावर तिजोरीच्या सोयीसाठी चालू ठेवणे यास न्याय्य कारभार म्हणता येणार नाही.

पैशाचा प्रश्न सुटला तरी वयाच्या दाखल्याचा उरतोच. कैलास-मानससरोवराच्या शासकीय यात्रेस जाऊ इच्छिणाऱ्याची दिल्लीत हृदय व फुप्फुसे कसून तपासली जातात, त्याचा शरीरभार निर्देशांक २५ च्या आत असावा लागतो, वाटेत पुन्हा तपासणी होते. आणि इतका बंदोबस्त असूनही सत्तरी उलटलेल्याचा अर्ज मुळात विचारातच घेतला जात नाही. डोंगरावर कोणी कोसळला तर त्यास उचलून आणणाऱ्या जवानांचा जीवही धोक्यात येतो, हे सरकारचे म्हणणे मला मान्य आहे. अमरनाथला, जेथे लाखोंची गर्दी लोटते आणि गावच्या दवाखान्यातून आणलेल्या प्रमाणपत्रावरच भिस्त ठेवावी लागते, तेथे वयाची मर्यादा घातल्याविषयी फारशी तक्रार करता येणार नाही. परंतु जेथे प्रत्येक यात्रेकरूच्या देहाची अशी झडती घेतली जाते, तेथे जन्मतारखेची आडकाठी निव्वळ कारकुनी सोयीसाठी राहिलेली आहे. एकाहत्तराव्या वर्षी रोज टेकडी चढून येणाऱ्या माणसास तपासणीच्या दारापर्यंतही जाऊ न देणे हे वैद्यकाच्या कोणत्या नियमात बसते?

या विषयाची चर्चा निघाली की जपानच्या युइचिरो मिउरा यांचे नाव घेतले जाते, पण बहुधा अर्धेच घेतले जाते. १९३२ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १९७० मध्ये एव्हरेस्टच्या दक्षिण खिंडीवरून पाठीला हवाई छत्री बांधून बर्फावर घसरत खाली येण्याचे अचाट धाडस केले होते. पुढे साठीत देह सुटला, रक्तदाब वाढला, हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. तेव्हा त्यांनी पायांच्या घोट्यांना वजने बांधून व पाठीवर ओझे घेऊन रस्त्यांतून चालण्यास आरंभ केला आणि २००३ साली सत्तराव्या वर्षी एव्हरेस्टचा माथा गाठला. २००८ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी ते पुन्हा गेले. पुढच्याच वर्षी बर्फावरील अपघातात कटीचे हाड मोडले. ते सांधले, त्यानंतर हृदयावर आणखी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील शेवटची जानेवारी २०१३ मध्ये. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते तिसऱ्यांदा शिखरावर उभे राहिले.

वर्तमानपत्री कथा येथे संपते. मला मात्र तिचा पुढील भाग अधिक मोलाचा वाटतो. त्याच २०१३ च्या मोहिमेत उतरताना शक्ती संपली तेव्हा सुमारे साडेसहा हजार मीटरवरील छावणीपासून त्यांनी हेलिकॉप्टरची मदत घेतली व त्यात कमीपणा मानला नाही. २०१९ मध्ये शहाऐंशीव्या वर्षी ते दक्षिण अमेरिकेतील आकोंकाग्वा या ६,९६१ मीटर उंचीच्या शिखराकडे निघाले. सुमारे सहा हजार मीटरवर बरोबरच्या डॉक्टरांनी हृदयाची अवस्था पाहून थांबण्यास सांगितले, तेव्हा ते थांबले. मुलगा पुढे जाऊन शिखर पाहून आला. त्यानंतर मानेच्या मणक्यात रक्तस्राव होऊन पाय जवळजवळ गेले. आणि तरीही २०२३ साली, नव्वदाव्या वर्षी, सोबत्यांनी ओढलेल्या खास चाकांच्या खुर्चीत बसून हा मनुष्य फुजी पर्वताच्या माथ्यावर पोचला. ज्याने एव्हरेस्ट तीनदा पायांखाली घातले त्याने ३,७७६ मीटरच्या डोंगरावर इतरांच्या खांद्यांच्या बळावर जाण्यात संकोच मानला नाही, यात मला त्याच्या साऱ्या विक्रमांहून मोठे धाडस दिसते. विक्रमांचे वेड माणसास कोठे नेते हे पाहावयाचे असेल तर एव्हरेस्टच्याच पायथ्याशी पाहावे: २००८ मध्ये शहात्तराव्या वर्षी एव्हरेस्ट चढलेले नेपाळचे मिन बहादूर शेरचन, आपला गेलेला वयाचा विक्रम परत मिळविण्यासाठी २०१७ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी पुन्हा गेले आणि तळछावणीतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या जिद्दीस मी नावे ठेवणार नाही. पण कोणा दुसऱ्याच्या वयाशी शर्यत लावणे आणि स्वतःच्या देहाशी तडजोड करून पुढे जाणे या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली मोडू नयेत.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना प्रश्न बदलावा असे माझे मत आहे. "जाऊ का?" असे विचारले की जबाबदारीस भिणारा कोणताही शहाणा डॉक्टर "नका जाऊ" हेच सांगणार, कारण त्या उत्तराबद्दल त्याच्यावर कधीच ठपका येत नाही. "जावयाचे आहे; कोणत्या उंचीपर्यंत, दिवसाकाठी किती, कोणती गोळी कोणत्या वेळी, आणि कोणते लक्षण दिसताच परत फिरू?" असे विचारले की तोच डॉक्टर कागद पुढे ओढून लिहू लागतो.

त्या कागदावर काय असावे हे मी सांगणे अधिकाराबाहेरचे होईल. परंतु काही गोष्टी प्रवास करणारा प्रत्येक म्हातारा जाणतो आणि प्रवास ठरविणारे तरुण जाणत नाहीत. लोक चढाला भितात. गुडघ्यांचा खरा वैरी उतार आहे, आणि उतरताना हातात काठी असणे, जमल्यास दोन असणे, ही शोभेची बाब नव्हे. त्याहून मोठी गोष्ट, जिच्याविषयी सभ्य लेखांत कोणी लिहीत नाही, ती म्हणजे शौचालय. आपल्याकडील असंख्य वृद्ध, विशेषतः स्त्रिया, प्रवास टाळतात तो हृदयासाठी नव्हे, तर वाटेत जावयास जागा मिळेल की नाही या धास्तीने. आणि निघाल्याच तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात, रक्तदाबासाठी दिलेली पाण्याची गोळी त्या दिवशी मुद्दाम चुकवितात. मग दुपारी घेरी येते, पाय सुजतात, तासन्‌तास एका जागी पाणी न पिता बसल्याने पोटरीत रक्ताची गाठ होण्याची भीती वाढते, आणि घरी परतल्यावर सगळे म्हणतात, "बघा, प्रवास झेपत नाही!" झेपत नाही ते प्रवास नव्हे. ज्याच्या गुडघ्याचा सांधा बदललेला आहे त्याला उकिडवे बसता येत नाही, एवढी साधी गोष्ट लक्षात घेऊन प्रत्येक एस.टी. स्थानकावर, प्रत्येक गडाच्या पायथ्याशी व प्रत्येक देवस्थानात स्वच्छ कमोड आणि त्याशेजारी भिंतीत पक्का बसविलेला दांडा, एवढे जरी झाले तरी हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यापेक्षा अधिक म्हातारी माणसे घराबाहेर पडतील. महाराष्ट्रातील अकरा किल्ले २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले याचा आनंद सर्वांनाच झाला; त्या वारशाच्या खर्चात या बाबीची तरतूद किती झाली, हे विधिमंडळात कोणी तरी विचारावे.

सुखसोय आणि सुरक्षितता या एकच आहेत ही समजूत तर फारच घातक. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. गौरीकुंडाहून पायी सोळा किलोमीटर चढणाऱ्याचे शरीर निदान काही तास तरी त्या विरळ हवेची ओळख करून घेते. खालच्या खोऱ्यातून हेलिकॉप्टरने दहापंधरा मिनिटांत वर आणून सोडलेल्या हृदयरोग्यास तेवढीही सवड मिळत नाही. मुलांनी प्रेमाने काढून दिलेले महागडे तिकीट येथे उपकारक ठरेलच असे नाही. विमानाने साडेतीन हजार मीटरवरील लेहला उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस नुसते पडून राहावे, तीन हजारांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हे नियम तरुणांसही लागू आहेत. फरक इतकाच की तरुण ते मोडून बहुधा निभावून जातो. आठ दिवसांत लडाख उरकणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत या दोन दिवसांना 'स्थलदर्शन' असे नाव दिलेले आढळले तर ती कंपनी बदलावी.

यावरून सोयींस माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. रायगडाला १९९६ पासून रज्जुमार्ग आहे आणि हिरकणीवाडीतून काही मिनिटांत वर नेऊन सोडणारा तो पाळणा म्हणजे गडाचा अपमान आहे, असे म्हणणारे काही कडवे दुर्गप्रेमी मी ऐकले आहेत. दीड हजारांच्या आसपास पायऱ्या वाचल्या तरी वर होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वराचे देऊळ आणि महाराजांची समाधी एवढे चालणे उरतेच, आणि वीस वर्षांनी यांचेही गुडघे बोलू लागतील. सप्तशृंगीला २०१८ पासून रुळांवरची गाडी आहे. तिच्या डब्यात बसलेल्या आजींचा नमस्कार देवीला कमी पोचतो काय? ज्या सोयीत दुसऱ्या माणसाची पाठ वाकते ती मात्र वेगळी गणली पाहिजे. माथेरानमध्ये म्हाताऱ्यांना बसवून हाताने ओढावयाच्या रिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, आणि त्यांच्या जागी विजेच्या रिक्षा आणून ओढणाऱ्यांच्याच हाती देण्याचा जो मार्ग दाखविला तो वृद्धांनीच प्रथम उचलून धरावयास हवा होता. मित्रांनी हौसेने खुर्ची ओढणे आणि पोटासाठी ओढणे यांतील अंतर आपल्या पिढीला कळत नसेल तर इतके वय होऊन उपयोग काय?

या सर्वांत आपल्याजवळ एक उत्तम नमुना पूर्वापार आहे आणि त्याकडे आधुनिक सहल-व्यवसायाने ढुंकून पाहिलेले नाही. आळंदीहून पंढरीस निघालेल्या दिंडीबरोबर मालमोटार असते. तीत तंबू, भांडी, शिधा जातो आणि ज्यांचे पाय त्या दिवशी चालत नाहीत तेही जातात. पुणे ते सासवड ही दिवे घाटाची लांब मजल ज्या बाईंना झेपत नाही त्या गाडीतून पुढे जाऊन स्वयंपाकाला हात लावतात, संध्याकाळी दिंडी आली की पंगतीत वाढतात, दुसऱ्या दिवशी सपाटीचा रस्ता लागला की पुन्हा टाळ घेऊन चालू लागतात. आणि त्यांची वारी अपुरी झाली असे एकही वारकरी म्हणत नाही. सह्याद्रीत व हिमालयात माणसे नेणाऱ्या गिर्यारोहण संस्थांनी ही व्यवस्था जशीच्या तशी उचलावी. मार्गात मोटाररस्ता जेथे जेथे जवळ येतो तेथे चढण्या-उतरण्याची मुभा, गाडीत दोनतीन राखीव जागा, आणि अर्जाच्या नमुन्यात जन्मतारखेच्या रकान्याखाली 'रोज किती चालता' हा आणखी एक रकाना. शुल्क कमी करण्याचे कारण नाही. पुष्कळ निवृत्त मंडळी ते आनंदाने भरतील.