जमाखर्च : माडांच्या सावलीतील दोन दिवस

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने विरार मागे टाकले की मनोर, चारोटी, तलासरीपर्यंत रिसॉर्टांचे फलक सोबत करतात. कोणावर रंगीत पोपट, कोणावर लाटेवर स्वार झालेला मुलगा. पण शाकारलेली छत्री, निळाशार तरणतलाव आणि त्यावर झुकलेला माड हे त्रिकूट बहुतेक सर्वांवर असते. हे चित्र बाली, फ्लोरिडा येथील पर्यटनस्थळांच्या वळणाचे. उष्णकटिबंधातील एखाद्या बेटावर आल्याचा भास व्हावा, ही त्यामागील योजना. वस्तुतः पालघर जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे उष्णकटिबंधातच वसलेला आहे. येथील माणसाने उष्णकटिबंधाचा देखावा विकत घ्यावा, ही गोष्ट गमतीची खरी. त्यातही प्रवेशद्वाराशी शोभेला उभे केलेले रॉयल पाम मूळचे क्यूबाकडील, आणि छत्रीवरील पेंढा पुष्कळदा प्लास्टिकच्या पट्ट्यांचा. मालकाला मात्र दोष देता येत नाही. खरे छप्पर पुनःपुन्हा शाकारावे लागते; प्लास्टिकला ती यातायात नाही.

तरीही अशा मध्यम दराच्या रिसॉर्टांना बोईसर-पालघरकडील व्यापारी कुटुंबांत मागणी आहे आणि तिचे कारण दुकानात आहे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि तिच्याबरोबर बोईसरची बाजारपेठही. या बाजारपेठेतील अनेक पेढ्या घरच्या माणसांवर चालतात. सर्वांनी एकाच वेळी आठ दिवस गाव सोडायचे म्हणजे शटर ओढायचे. लग्नकार्याखेरीज ते सहसा घडत नाही. जवळच्या मुक्कामात थोरला भाऊ दुपारी गल्ल्यावर बसून संध्याकाळी मुलांत परत येऊ शकतो.

पूर्वी ही गरज तीर्थयात्रेने भागत असे. पालिताणा किंवा शंखेश्वर येथे धर्मशाळेत खोली आणि भोजनशाळेत पंगत. दर्शन होई, दूरचे नातेवाईक भेटत आणि घरातील स्त्रियांना स्वयंपाकातून सुट्टी मिळे. ही शेवटची गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नसे. पण सासूबाई आणि सुना दोघींनाही ती ठाऊक होती. आता नातवंडांना घसरगुंडी हवी असते, म्हणून यात्रेच्या जोडीला रिसॉर्ट आले. त्याची पारख करताना मात्र घसरगुंडीची उंची पाहिली जाते आणि ती जुनी सुट्टी विसरली जाते.

घसरगुंड्यांचा इतिहास आता बराच मोठा झाला आहे. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आणि त्याच्या शेजारचे वॉटर किंगडम १९९८ मध्ये सुरू झाले. खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ मध्ये आले. पालघरकरांना त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे विरारनजीक पारोळ येथील ग्रेट एस्केप जलउद्यान. ‘उद्यानापासून जवळ’ ही ओळ रिसॉर्टांच्या जाहिरातीत म्हणूनच ठळक छापलेली असते. पण हे जवळ असणे खर्चाच्या दृष्टीने फसवे आहे. समजा, खोली दुपारी १२ वाजता ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता सोडावी लागते. ‘दोन दिवस, एक रात्र’ म्हणजे प्रत्यक्षात २२ तास. त्यातील सहा-सात तास उद्यानात गेले आणि आठ तास झोपेत, तर रिसॉर्टचा तलाव, झोपाळे आणि दुपारचे जेवण यांचे पैसे भरूनही उपभोग नाममात्र. शिवाय उद्यानात बाकावर बसून पिशव्या सांभाळणाऱ्या आजींचेही तिकीट निघते. उद्यान हवे असेल तर सकाळी जाऊन रात्री घरी यावे; रिसॉर्ट हवे असेल तर रिसॉर्टमध्येच राहावे. दोन्ही एकाच दिवसात कोंबणारा मनुष्य एका वेळेला दोनदा पैसे मोजतो.

कराचा भाग थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यावरील खोलीला १८ टक्के आहे. या पायरीकडे लक्ष असावे. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. दरात दोनशेचा फरक, देयकात १,१९८ चा. उलट उद्यानाच्या प्रवेशावर २०१७ मध्ये लागू झालेला २८ टक्के दर जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्के झाला. एक सूचना पेढीच्या मालकांसाठी : देयक पेढीच्या नावे घेतल्याने कौटुंबिक सहल व्यवसायाचा खर्च ठरत नाही आणि तिच्यावरील कराची वजावटही मिळत नाही. तो खर्च घरखात्यातच टाकावा. मुनीमजींना नंतर खुलासे करीत बसावे लागत नाही.

खरा प्रश्न स्वयंपाकघराचा आहे. किनाऱ्यावरील केळवे, माहीम, सातपाटी हा पट्टा मासळीचा. तेथील पुष्कळशा घरगुती निवासांची ख्यातीच मत्स्याहारावर उभी आहे आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. म्हणून जैन कुटुंबे महामार्गाच्या बाजूची ‘शुद्ध शाकाहारी, जैन भोजन उपलब्ध’ अशी पाटी शोधतात. या पाटीचा अर्थ जागोजाग बदलतो. मध्यम दराच्या रिसॉर्टमध्ये शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक होतो तेव्हा कांदा, लसूण, आले घातलेला रस्सा सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार करून ठेवतात. पनीर, कोफ्ता, मिश्र भाजी हे सारे त्याच एका रश्श्याचे अवतार. संध्याकाळी कोणी जैन थाळी मागितली की हाताशी उरते ती साधी डाळ, भात आणि काकडी. नाश्त्याच्या पोह्यांत बटाटा, सांबारात कांदा. वाढप्याने बटाट्याच्या फोडी चमच्याने बाजूला सारून ‘आता जैन झाले’ असे म्हटले, तर तो लबाड नसतो. त्याला कोणी शिकवलेले नसते.

दुसरी अडचण घड्याळाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत, मेच्या मध्यास, पालघरकडे सूर्यास्त सातनंतर थोड्याच मिनिटांनी होतो. दिवाळीच्या सुट्टीत सहाच्या सुमारास. रिसॉर्टची रात्रीची पंगत आठला मांडली जाते. चौविहार पाळणाऱ्या आजी-आजोबांनी मग करावे काय? बहुतेक घरांत याचे उत्तर निघण्यापूर्वीच तयार असते : थेपले, खाखरे, सुकी भाजी, उकळून गार केलेल्या पाण्याचा कॅन आणि विजेची शेगडी. म्हणजे आदल्या दिवशी पहाटेपासून दोन सुना ओट्यापाशी, आणि सहलीच्या संध्याकाळी, बाकीचे पाण्यात डुंबत असताना, त्यातील एक खोलीतील टेबलावर मुगाची खिचडी शिजवीत उभी. खोलीचे, जेवणाचे, कराचे पैसे भरलेले आहेतच. या हिशेबात एक माणूस सुट्टीवर गेलेलेच नाही आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. सासूबाईंना ते दिसते. त्या संकोचाने म्हणतात, ‘मला भूकच नाही, तू जा मुलांकडे.’ सून जात नाही. दोघींचीही संध्याकाळ अशी एकमेकींच्या काळजीत सरते.

हे टाळता येते, आणि जादा पैशापेक्षा आगाऊ बोलण्याने टाळता येते. आठ-दहा खोल्या एकत्र घेणाऱ्या कुटुंबाचे म्हणणे व्यवस्थापक ऐकतो. साडेपाच ते साडेसहा या वेळेत जैन पंगत, बटाट्याऐवजी कच्चे केळे, आल्याऐवजी सुंठ, स्वतंत्र भांडी आणि उकळलेले पाणी. एवढे चार दिवस आधी सांगितले तर चांगला आचारी ते सहज करतो. काही ठिकाणी कुटुंबाने आपला महाराज बरोबर आणल्यास स्वयंपाकघराचा एक कोपरा देतात. महाराजाची मजुरी माणशी विभागली की ती फारशी जाणवत नाही. थाळीच्या दरात त्याबद्दल सूट मागण्यास संकोच नसावा. घाऊक बाजारात बसणाऱ्यांना हे शिकवण्याची गरज नाही.

मुलांचे काय, असे कोणी विचारील. मुलांना तलाव पुरतो; पण फाटकाबाहेर जे आहे तेही त्यांना दाखवावे. रिसॉर्टच्या भिंतीवर वारली चित्रांची नक्षी पुष्कळदा असते. ती ज्या जिवा सोमा मशे यांनी जगभर पोहोचवली, ते याच जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. भिंतीपाशी थांबून हे सांगायला दोन मिनिटे लागतात, आणि त्या जेवणाच्या खोलीत वाढणारे हात अनेकदा त्याच वारली पाड्यांवरून आलेले असतात, हेही मुलांच्या लक्षात येते. एप्रिल-मे महिन्यांत महामार्गाच्या कडेला ताडगोळे सोलून मिळतात. घोलवडचा चिकू भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. तोही मुळात मध्य अमेरिकेकडून आलेला पाहुणा, पण येथल्या मातीत रुजला. केळवे-माहीमच्या वाड्यांतील पानवेली, शिरगावचा किल्ला आणि केळव्याची सुरूची बने ही बोईसरहून अर्ध्या दिवसात पाहून होतात. विरार-डहाणू लोकल २०१३ पासून धावते; बोईसरहून विरारच्या दिशेने उमरोळी, पालघर आणि मग केळवे रोड. मोटारीच्या काचेआड वाढणाऱ्या नातवंडांना या तीन स्थानकांचा प्रवासही सहलीचाच भाग वाटतो.

राहता राहिली आगाऊ रकमेची गोष्ट. छायाचित्रे पाहून सोळा जणांचे पैसे भरू नयेत. घरातील दोघांनी, आणि त्यातील एक स्वयंपाक जाणणारी असावी, एखाद्या साध्या मंगळवारी तेथे जाऊन दुपारी जैन थाळी मागवावी. ती किती वेळात येते, तिच्यात काय येते आणि आचाऱ्याला सुंठ म्हटल्यावर कळते की नाही, हे पाहावे. समाधान झाले तर चतुर्थांश रक्कम द्यावी, संध्याकाळच्या पंगतीची वेळ आणि रद्द केल्यास परतीची अट पावतीवरच लिहून घ्यावी, आणि ती पावती सासूबाईंच्या हाती ठेवावी.