सात अधिक आठ, अठ्ठ्याहत्तर!

परवा भाची मोबाईल घेऊन आली. सातवीत आहे, ऑनलाइन पायथन शिकते. स्वाध्याय सोपा होता: दोन शेतांतला कापूस किती क्विंटल ते विचारायचं आणि बेरीज दाखवायची. तिनं 7 आणि 8 टाकले. उत्तर आलं 78. खाली लाल अक्षरांत इंग्रजीतून एकच ओळ: उत्तर चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. चारदा केला, चारदा तेच. शेवटी म्हणाली, "मामा, मले नाही जमत हे."

चूक केवढी? पायथनमध्ये कीबोर्डवरून टाईप केलेलं सगळं आधी मजकूर म्हणून येतं. मजकुरात अधिक चिन्ह टाकलं की तो शेजारी-शेजारी चिकटतो. 'इंट' लावून त्याचा आकडा करावा लागतो. बस.

उत्तर चुकलं हे पोरीलाही दिसत होतं. कुठं बघायचं, ते कोणी सांगितलं नाही. त्याच पानावर 'उत्तर पाहा' असं बटण होतं. ते दाबलं की शिकणं संपलं!

चांगली सूचना पायरीपायरीनं यायला हवी. आधी प्रश्न: "7 आणि 8 यांची बेरीज झाली की ते नुसते चिकटले?" तरी अडलं तर जागा दाखवा: "माहिती घेतली ती ओळ बघ. तिथं आकडा आला की मजकूर?" अगदीच अडलं तर 'इंट' कसं वापरतात ते वेगळ्या उदाहरणावर दाखवा. तिचं उत्तर तिलाच लिहू द्या.

हे आपल्या वर्ध्याला नवीन आहे का? ऑक्टोबर 1937 मध्ये इथंच शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम देशापुढं आली. हातानं काम करत शिकायचं. टकळीवर सूत तुटलं तर गुरुजींनी स्वतः कातून देऊन पोराला कातणं येत नाही. बोट कुठं सुटलं, ते दाखवावं लागतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलंय. आणा. पण स्वाध्याय तयार करणाऱ्यांनी तो आधी जिल्हा परिषद शाळेतल्या पाच पोरांसमोर ठेवावा. मध्ये बोलू नये. पोरं जिथं अडतील तिथली सूचना लिहावी, आणि ती मराठीत लिहावी.

भाचीला मी फक्त पहिला प्रश्न विचारला. दहा मिनिटांनी ओरडली, "मामा, पंधरा आले!"

"मले नाही जमत" म्हणून मोबाईल खाली ठेवणारी किती पोरं असतील? त्यांना तो एक प्रश्न कोण विचारणार?