नवे आरसे आणि जुना वस्तरा

श्रावणात पुष्कळ घरांतून केस कापण्याचे टाळतात आणि चतुर्थी उंबरठ्यावर आली की सलुनांपुढे रांगा लागतात. दुकानाची डागडुजी आणि रंगरंगोटी उरकायची ती या मंदीच्या दिवसांत, हा म्हापशापासून मडगावपर्यंतच्या व्यावसायिकांचा हिशेब त्यामुळे समजण्यासारखा आहे. चुकते ते एवढेच, की गवंडी आणि सुतार बाहेर पडले म्हणजे दुकान उघडण्यास सिद्ध झाले असे मानले जाते. परवान्याचे काय, असे विचारले तर ‘चवथ झाल्यावर पाहू’ हे उत्तर ठरलेले!

ही सबब आम्हास मान्य नाही. नूतनीकरणाने दुकानाचे रूप पालटते, तसे त्यातील धोकेही पालटतात. जुन्या दुकानाला रस्त्याकडे सताड उघडे दार आणि मागे खिडकी असे. आता काचेचे बंद दार आले, वातानुकूलन आले. त्याच बंद खोलीत केस सरळ करण्याची रसायने तापविली जातात. त्यांपैकी काहींतून फॉर्मॅल्डिहाइड वायू सुटतो आणि तो कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच दिलेला आहे. गिऱ्हाईक दोन तासांत निघून जाते. कारागीर मात्र दिवसभर तीच हवा घेतो. हवा बाहेर टाकणारा पंखा आराखड्यात नसेल, तर संगमरवरी फरशीचे कौतुक कशासाठी करावयाचे? विजेचीही तीच गत. केस वाळविण्याचे एक यंत्र 1500 ते 2000 वॅट वीज ओढते. दोन ट्यूबलाइट आणि दोन पंख्यांसाठी घातलेल्या तारांवर अशी तीन यंत्रे चढवून मंजूर भार जुनाच ठेवणे म्हणजे शेजाऱ्यांच्या दुकानांनाही आगीच्या तोंडी देणे होय.

सर्वांत जुना प्रश्न वस्तऱ्याचा. हेपेटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरू शकतो आणि डोळ्यांस न दिसणारे रक्तही त्यास पुरते. प्रत्येक दाढीला नवे पाते हवे, तेही गिऱ्हाइकासमक्ष बसविलेले. पाते बदलणारे हातच तुरटीचा एकच खडा या गालावरून त्या गालावर फिरवितात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. वापरलेली पाती सुट्या कचऱ्यात पडतात आणि सफाई कामगाराच्या बोटात घुसतात. 2020 च्या टाळेबंदीनंतर दुकाने उघडली तेव्हा स्वच्छतेची जी काटेकोर शिस्त पाळली जात होती, ती विस्मरणात जाण्यास फार दिवस लागले नाहीत.

तथापि सारा दोष दुकानदाराच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. नगरपालिकेचा वा पंचायतीचा व्यवसाय परवाना, 1973 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी, वीज खात्याकडून वाढीव भार, या प्रत्येकासाठी वेगळी खिडकी आणि वेगळी खेप. बंद दुकानाचे भाडे थांबत नाही, कर्जाचे व्याज थांबत नाही, कारागिरांना पोटाला द्यावेच लागते. तपासनीस आठवडेच्या आठवडे फिरकत नसेल आणि आला तरी उणीव तोंडीच सांगून जात असेल, तर कायदा पाळू इच्छिणारा माणूसही अखेर कुलूप काढतो. तपासनीसाच्या या मोघम बोलण्यातून पुढे काय निपजते, ते वाचकांस आम्ही सांगावयास नको.

तारा भिंतीत बुजविण्यापूर्वी एक तपासणी आणि उघडण्यापूर्वी दुसरी, अशा दोनच भेटी व्हाव्यात. दोन्हींची तारीख अर्ज घेतानाच द्यावी आणि ज्या उणिवा आढळतील त्या जागेवरच लिहून द्याव्यात. पालिकांनी आणि पंचायतींनी आषाढातच अर्ज मागवून वीज खात्याचा माणूस सोबत घेतला, तर चतुर्थीपूर्वी हे काम उरकण्यासारखे आहे. एवढे करूनही जो परवान्यावाचून दार उघडील, त्याचे दुकान ऐन चतुर्थीच्या गर्दीतही बंद करण्यास अधिकाऱ्यांनी कचरू नये.