लोणी ते अमेरिका: डॉक्टरांच्या रेसिडेन्सी अर्जात शिफारसपत्राला एवढं वजन का?

राहाता तालुक्यातल्या लोणीत एमबीबीएस झालेला डॉक्टर इथे गावाचा, जिल्ह्याचा डॉक्टर असतो. अमेरिकेतल्या हॉस्पिटलकडे अर्ज केला की त्याची ओळख बदलते. तिथे तो 'इंटरनॅशनल मेडिकल ग्रॅज्युएट', म्हणजे परदेशात शिकलेला डॉक्टर.

अहिल्यानगर जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण नवं नाही. लोणीचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून सुरू आहे. अहिल्यानगर शहराजवळ विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सप्टेंबर २०२३ मध्ये 'वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशन'ची १० वर्षांसाठी मान्यता मिळाली. त्यामुळे इथल्या पदवीधरांना अमेरिकेत अर्ज करण्याची वाट मोकळी राहिली.

पण परीक्षा पास झाल्यावरही अर्जात एक गोष्ट अशी असते, जी अभ्यास करून मिळत नाही. ती दुसऱ्या कुणीतरी लिहायची असते. ती म्हणजे शिफारसपत्र, विद्यार्थ्यांच्या भाषेत 'एलओआर'.

हे पत्र नेमकं काय असतं? ते एवढं महत्त्वाचं का? आणि ग्रामीण कॉलेजातल्या विद्यार्थ्याला ते मिळवणं कठीण का जातं?

आधी रेसिडेन्सी समजून घेऊ

आपल्याकडे एमबीबीएसनंतर एमडी किंवा एमएस करतात. अमेरिकेत साधारण त्याच टप्प्याला रेसिडेन्सी म्हणतात. ती केल्याशिवाय तिथे स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करणं जवळपास अशक्य असतं.

त्यासाठी यूएसएमएलई या परीक्षा द्याव्या लागतात. परदेशी डॉक्टरांची कागदपत्रं ईसीएफएमजी ही संस्था तपासते. मग 'इरास' या ऑनलाइन यंत्रणेतून अर्ज जातात. सप्टेंबरच्या अखेरीस हॉस्पिटलं अर्ज उघडतात, हिवाळ्यात मुलाखती होतात. शेवटी उमेदवार आणि हॉस्पिटलं आपापल्या पसंतीच्या याद्या देतात आणि संगणक त्या जुळवतो. यालाच 'मॅच' म्हणतात. निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो.

२०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेत एमडीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सुमारे ९३.५ टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांमध्ये हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे परीक्षा, प्रवास आणि अर्जांवर लाखो रुपये खर्च करूनही दर पाचांपैकी दोघं रिकाम्या हाताने परतले.

पत्र जातं कसं?

हे पत्र विद्यार्थ्याने हातात घेऊन न्यायचं नसतं. विद्यार्थी इरासमध्ये प्राध्यापकाचं नाव नोंदवतो. त्यातून एक विनंती अर्ज तयार होतो, त्यावर पत्राचा क्रमांक असतो. तो वापरून प्राध्यापक लेटरहेडवरचं, सही केलेलं पत्र थेट पोर्टलवर अपलोड करतात. पत्रं कितीही जमा करता येतात, पण एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त ४ पाठवता येतात.

यात आणखी एक चौकट असते. पत्र पाहण्याचा हक्क सोडतो, असं विद्यार्थी त्यात नोंदवू शकतो. बहुतेक जण तसंच करतात, कारण विद्यार्थ्याने न पाहिलेलं पत्र जास्त मोकळेपणाने लिहिलेलं असणार, असं हॉस्पिटलं धरून चालतात.

वजन वाढलं कशामुळे?

पूर्वी यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला गुण मिळायचे. मोठा आकडा आला की कॉलेजचं नाव अनोळखी असलं तरी अर्ज उघडला जायचा. २६ जानेवारी २०२२ पासून ही परीक्षा फक्त 'पास' किंवा 'नापास' झाली. रुग्णाशी बोलणं-तपासणं पाहणारी प्रात्यक्षिक परीक्षाही २०२१ मध्ये कायमची बंद झाली.

दुसऱ्या टप्प्याचे गुण अजून आहेत. पण हजारो अर्जांतून मोजक्यांना मुलाखतीला बोलावताना हॉस्पिटलला माणूस ओळखायचा असतो. हा डॉक्टर रात्रपाळीत विसंबण्यासारखा आहे का? चूक झाली तर कबूल करतो का? नर्सशी कसा बोलतो? गुणपत्रिका याची उत्तरं देत नाही. पत्र देऊ शकतं.

शिफारस म्हणजे वशिला नव्हे

गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे 'शिफारस' म्हटलं की साहेबांची चिठ्ठी आठवते. त्यात मजकुरापेक्षा सहीला महत्त्व. नीट-पीजीच्या प्रवेशात रँक चालतो, पत्र कुणी मागत नाही. त्यामुळे असं पत्र कसं असावं, याची सवय विद्यार्थ्यांना नसते आणि अनेक प्राध्यापकांनाही नसते. मग सगळ्यात मोठ्या पदाच्या माणसाकडे धाव घेतली जाते: डीन, विभागप्रमुख, ओळखीतले नामांकित सर्जन.

अमेरिकन हॉस्पिटलला मात्र साक्षीदार हवा असतो. पत्र लिहिणाऱ्याने विद्यार्थ्याला किती काळ, कुठे आणि काय करताना पाहिलं, हे आधी वाचलं जातं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिलं पत्र म्हणतं, 'हा विद्यार्थी मेहनती, नम्र आणि हुशार असून मी त्याला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा देतो.' दुसरं म्हणतं, 'कीटकनाशक प्यायलेला शेतकरी रात्री आला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, हे या इंटर्नने आधी ओळखलं. ॲट्रोपिनचा डोस ठरवण्यासाठी तो पहाटेपर्यंत दर काही मिनिटांनी छाती तपासत होता. सकाळी त्यानेच नातेवाइकांना समजावून सांगितलं. माझ्या युनिटमधल्या त्या वर्षीच्या इंटर्नमध्ये तो पहिल्या तिघांत होता.'

पहिलं पत्र कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणालाच उपयोगी पडत नाही. दुसरं एकाच माणसाचं आहे. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये तर ठरावीक नमुन्याचं मूल्यमापन पत्रच वापरतात, त्यात उमेदवाराची इतरांशी तुलना करावी लागते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण वेळेची. दीडशे-दोनशेची बॅच, भरलेली ओपीडी आणि काही आठवड्यांनी बदलणारं पोस्टिंग. यात एका इंटर्नचं काम बारकाईने पाहून ते वर्षभर लक्षात ठेवणं कोणत्याही प्राध्यापकाला अवघडच.

त्यातून एक पद्धत रूढ झाली आहे. 'तूच लिहून आण, मी सही करतो.' सोयीचं वाटतं, पण मग साक्ष साक्ष राहत नाही. विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितो तेव्हा विशेषणं वाढतात आणि प्रसंग कमी होतात. वर्षानुवर्षं फिरणारा नमुना वापरला, तर पत्रं एकसारखी दिसतात. आणि पत्रच बनावट निघालं, तर ईसीएफएमजी कारवाई करू शकते. तिची नोंद उमेदवाराचा पिच्छा सोडत नाही.

दुसरी अडचण पैशाची. अनेक प्रोग्रॅमना अमेरिकन डॉक्टरचं पत्र हवं असतं, कारण तिथल्या पद्धतीत काम करताना पाहिलेल्या माणसाचं मत त्यांना जास्त भरवशाचं वाटतं. त्यासाठी तिथे जाऊन काही आठवडे राहावं लागतं: व्हिसा, विमान, भाडं आणि बहुतेक ठिकाणी फी. शिकत असताना गेलं तर इलेक्टिव्हमध्ये रुग्ण तपासायला मिळू शकतो. पदवीनंतर बहुतेक ठिकाणी फक्त 'ऑब्झर्वरशिप' उरते, म्हणजे हात मागे बांधून पाहायचं. नुसतं उभं राहिलेल्या माणसाबद्दल डॉक्टर लिहिणार तरी काय?

म्हणजे शेतकरी कुटुंबातल्या मुलाने इथे रात्रभर रुग्ण सांभाळला, तरी त्याची साक्ष हलकी. ज्याला तिकडे महिनाभर राहणं परवडलं, त्याची जड. गुणवत्ता मोजण्यासाठी मागितलेलं पत्र काही प्रमाणात घरची ऐपतही मोजतं.

ग्रामीण अनुभवाला काहीच किंमत नाही?

आहे, पण ती मांडावी लागते. परदेशी पदवीधरांना जास्त जागा इंटर्नल मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिनसारख्या शाखांत मिळतात. अमेरिकेतही डॉक्टरांची टंचाई असलेले ग्रामीण भाग आहेत. जे-१ व्हिसावर गेलेल्या डॉक्टरला रेसिडेन्सीनंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. पण 'कॉनराड ३०' योजनेत टंचाईच्या भागात तीन वर्षं काम केलं की ती अट माफ होऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झाल्यानंतर अनेकांसाठी जे-१ हाच मुख्य रस्ता उरला आहे.

म्हणजे अहिल्यानगरच्या खेड्यात शिकलेला डॉक्टर अमेरिकेतल्या खेड्यात काम करण्याची शक्यता बरीच आहे. इथलं काम तिथे उपयोगी आहे, हे पत्रात कुणीतरी प्रसंगासह लिहिणं तेवढंच गरजेचं.

याच जिल्ह्याने उलटा प्रवासही पाहिला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत पुढचं शिक्षण घेऊन परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाहेर गेलेला प्रत्येक जण परतत नाही, पण बाहेर जाणं म्हणजे जिल्ह्याचं नुकसानच, असंही नाही.

काय करता येईल?

उपाय फार खर्चिक नाहीत. इंटर्नशिपच्या १२ महिन्यांत प्रत्येक पोस्टिंग संपताना प्राध्यापकांनी चार ओळींची नोंद ठेवली, तर वर्षभराने पत्र आठवणीवर लिहावं लागणार नाही. विद्यार्थ्याने पत्राचा मसुदा देण्याऐवजी कामाची टिपणं द्यावीत: कोणते रुग्ण, कोणती जबाबदारी, कुठे चुकलं, काय शिकलं. रुग्णाची ओळख त्यात नको. आणि विनंती सप्टेंबर तोंडावर आल्यावर नव्हे, पोस्टिंग संपतानाच करावी.

पत्र कुणाकडून घ्यायचं, हा प्रश्न मग सोपा होतो. विभागप्रमुखांना विद्यार्थ्याचं नाव विचारावं लागत असेल आणि असिस्टंट प्रोफेसरला त्याने सांभाळलेला रुग्ण आठवत असेल, तर सही असिस्टंट प्रोफेसरचीच घ्यावी.