खासगी तळ्यांतील ट्राउट आणि आपले तलाव

शेतीविषयक मासिकांत माशांचा विषय निघाला म्हणजे तो बहुधा उत्पन्नाच्या अंगानें निघतो: बोटुकली किती सोडली, वजन किती निघालें व बाजारांत भाव काय मिळाला. इंग्लंडांत मात्र असे कित्येक जमीनमालक आहेत कीं, ते आपल्या तळ्यांतील मासा विकीत नाहींत. तो पकडण्याची एका दिवसाची संधि विकतात. हा प्रकार पुष्कळांस श्रीमंतांचा चाळा वाटेल, व कांहीं अंशीं तो तसा आहेही. परंतु त्यामागें पाणी राखण्याची जी शिस्त आहे, ती आपल्यासारख्या तलावांच्या मुलखांतील शेतकऱ्यांनीं लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

दक्षिण इंग्लंडांतील हँपशायर परगणा या कामीं प्रसिद्ध आहे. तेथील टेकड्या मऊ, पांढऱ्या चुनखडीच्या आहेत. पावसाचें पाणी त्यांत मुरतें व सुमारें १० ते ११ अंश सेल्सिअस उष्णमानानें बारमाही झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. टेस्ट व इचेन या नद्यांचा उगम अशाच पाण्यांत आहे. ट्राउट माशास थंड व प्राणवायूनें भरलेलें पाणी लागतें. पाणी २० अंशांच्या वर तापलें कीं तो कासावीस होतो. तळ्यांतून जो मोठा ट्राउट सोडतात तो बहुधा ‘रेनबो’ जातीचा असतो. ही जात मूळची उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत आली. १९७० नंतरच्या दशकांत ॲव्हिंग्टन येथील तळ्यांवर सॅम हॉलंड या गृहस्थांनीं निवडक पैदाशीनें फार मोठे रेनबो वाढविले, व तेव्हांपासून मोठ्या माशांच्या तळ्यांची चाल पडली. हल्लीं फलित अंड्यांवर दाब किंवा उष्णता देऊन वांझ मासे तयार करितात. अंडीं धरण्यांत त्यांची शक्ति खर्च होत नसल्यामुळें ते मोठे होतात, व नदींत निसटले तरी त्यांची प्रजा वाढत नाहीं.

अशा तळ्यावरील दिवस कसा जातो तें थोडक्यांत सांगतों. हौशी मनुष्य सकाळीं येऊन दिवसाचें भाडें भरतो. किती मासे घरीं न्यावयाचे, मासा परत सोडण्यास मुभा आहे कीं नाहीं, गळ कोणता वापरावयाचा, हें सारें पावतीबरोबरच ठरतें. गांडूळ किंवा कणीक येथें चालत नाहीं. पीस, केंस व रेशीम गळावर बांधून केलेली कृत्रिम माशी हेंच आमिष. ती इतकी हलकी असते कीं नुसती फेकली तर चार हातही जाणार नाहीं. म्हणून दोरीलाच वजन असतें आणि काठीच्या झोक्यानें ती दोरी माशीस दूर वाहून नेते. नदींतला ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागीं थांबतो; तळ्यांतला फिरत राहतो. म्हणून वारा कोणत्या कांठाकडे किडे लोटीत आहे, पाण्यावर डांसासारख्या न चावणाऱ्या किड्यांची पैदास केव्हां होत आहे, हें पाहत तासन् तास बसावें लागतें. मासा लागल्यावर त्यास फार दमवावयाचें नाहीं. सोडावयाचा असल्यास हात ओले करून, शक्य तों पाण्यांतच गळ काढावयाचा. सायंकाळीं किती मासे मिळाले व किती सोडले याची नोंद वहींत करूनच निघावयाचें.

कायदाही याच्या पाठीशीं आहे. परवानगीवांचून खासगी पाण्यांतील मासा धरणें हा १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानें गुन्हा ठरतो. तळें खासगी असलें तरी १३ वर्षें व त्यावरील प्रत्येकास गळाचा सरकारी परवाना लागतो. इतकेंच नव्हे, तर खुद्द मालकासही तळ्यांत मनास येईल तो मासा सोडतां येत नाहीं. त्याकरितां परवानगी घ्यावी लागते. हें बंधन अनाठायीं नाहीं. यूरोपांतील एक सूक्ष्म परोपजीवी जंतु १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत शिरला. त्यामुळें लहान ट्राउट गरगर फिरून मरतात. १९९४ सालीं मोंटाना संस्थानांतील मॅडिसन नदींत तो आढळला, तेव्हां तेथील रेनबो माशांची संख्या अतिशय घटली होती. एकाच्या तळ्यांतील निष्काळजीपणाची झळ साऱ्या खोऱ्यास लागते ती अशी.

या हौसेंतील दोषही सांगितला पाहिजे. हौदांत गोळी खाऊन वाढलेला दहा पौंडांचा मासा तळ्यांत सोडावयाचा व दुसऱ्याच दिवशीं तो पकडल्याची फुशारकी मारावयाची, यांत पुरुषार्थ कोणता? शिवाय ट्राउट मांसाहारी. त्याच्या खाद्यांत समुद्रांतील माशांची भुकटी जाते. तेव्हां माशाचा आकार हें अनुकरणाचें माप नव्हे. आपल्या तापत्या पाण्यांत ट्राउट जगणारही नाहीं. तो हिंदुस्थानांत १९०० सालीं आला तो काश्मीरच्या थंड ओढ्यांत, व थंड पहाडांतच राहिला. आपल्यास रोहू, कटला व देशी मासे पुरेसे आहेत.

घ्यावयाचें तें निराळेंच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हजारों मालगुजारी तलाव आहेत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली व तलाव सरकारजमा झाले. निस्तार हक्काच्या नोंदी राहिल्या, परंतु पाळ कोणीं बांधावी व गाळ कोणीं काढावा याचा वाली उरला नाहीं. महसूल कचेरींत कारकुनी करतांना असे कागद मीं पुष्कळ हाताळले आहेत. तलावाच्या रकान्यांत ‘सरकार’ हा शब्द लिहिणें सोपें. पण पावसाळ्यांत फुटकी पाळ पाहण्यास तो शब्द येत नाहीं.

यावरून कोणी म्हणेल कीं, तलाव पुन्हां खासगी करावे. तें मला मान्य नाहीं. हँपशायरचें तळें कुंपणांतलें आहे. आपल्या तलावावर साऱ्या गांवाचें धान व गुरें जगतात आणि ढिवरांची चूल पेटते. तेथील तळें टिकतें तें मालकाच्या नांवामुळें नव्हे, तर तीन गोष्टींमुळें: ठाऊक असलेला राखणदार, ठरलेली मर्यादा आणि रोजची वही. या तिन्ही गोष्टी सहकारी संस्थेसही साधतात. भंडारा-गोंदियाकडील कांहीं ढिवर संस्थांनीं तलावांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पति लावल्या व देशी मासे परत आणले, हें त्याचेंच उदाहरण होय.

म्हणून माझी सूचना अशी कीं, ज्या गांवीं तलाव आहे तेथील शेतकऱ्यांनीं व मासेमारी संस्थेनें एकत्र बसून तीन ठराव करावे: किती पाणी राखून ठेवावयाचें, कोणत्या महिन्यांत जाळें घालावयाचें नाहीं, आणि नोंद कोणीं ठेवावयाची. यास भांडवल लागत नाहीं. वही लागते व ती रोज लिहिणारा मनुष्य लागतो. परक्यांच्या हौसेंतून इतकें घेतलें तरी पुष्कळ झालें.