साडेएकतीस हजार डॉलरचा गहजब

चित्रपट दीड तासाचा. त्यातले शय्यादृश्य मोजक्या मिनिटांचे. पण १९९६ साली अमेरिकेच्या संसदेत गाजली ती हीच मोजकी मिनिटे. उरलेल्या चित्रपटाशी तिथल्या संस्कृतिरक्षकांना काही देणेघेणे नव्हते.

चित्रपटाचे नाव ‘द वॉटरमेलन वुमन’. दिग्दर्शिका शेरिल डुन्ये. उघडपणे लेस्बियन असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. खर्च सुमारे तीन लाख डॉलर. त्यापैकी ३१,५०० डॉलर ‘नॅशनल एन्डोमेंट फॉर द आर्ट्स’ या सरकारी निधीतून मिळाले होते, आणि तिथेच पोटशूळ उठला. फिलाडेल्फियातल्या एका समीक्षिकेने त्या दृश्याचे तोंडभरून कौतुक केले होते. ‘वॉशिंग्टन टाइम्स’ने ते वाक्य उचलून करदात्यांच्या पैशाची ओरड सुरू केली. मिशिगनचे रिपब्लिकन प्रतिनिधी पीटर हूकस्ट्रा यांनी तर नेमकी ३१,५०० डॉलरची रक्कम त्या निधीतून कापून घ्यावी, असा प्रस्ताव आणला. त्या वर्षी निधीचे अंदाजपत्रक सुमारे दहा कोटी डॉलरचे होते! मग दुखणे पैशाचे होते की पैसा कोणाच्या हाती गेला याचे?

आता चित्रपटात आहे काय ते पाहा. फिलाडेल्फियात व्हिडिओच्या दुकानात काम करणारी शेरिल (ही भूमिका डुन्ये स्वतःच करते) १९३०च्या दशकातला एक चित्रपट पाहते. त्यात मालकिणीचे अश्रू पुसणारी एक देखणी काळी दासी आहे. श्रेयनामावलीत तिचे नाव नाही. नुसते ‘वॉटरमेलन वुमन’, म्हणजे कलिंगडवाली. गुलामगिरी संपल्यावर काळे शेतकरी कलिंगडे पिकवून, विकून स्वतःच्या पायावर उभे राहू लागले, तेव्हा गोऱ्यांनी त्याच फळाची शिवी केली. हे नाव त्या शिवीतून आलेले. या बाईचे खरे नाव काय, ती जगली कशी, तिने प्रेम कोणावर केले, हे शोधायला शेरिल कॅमेरा घेऊन निघते.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. ‘गॉन विथ द विंड’मधल्या दासीला सगळे फक्त ‘मॅमी’ म्हणतात. ती भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियलला १९४० साली ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण त्या रात्री तिला सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसवले होते.

डुन्ये आपल्या बाजूच्या माणसांनाही सोडत नाही, हे तिचे खरे धाडस. स्त्रियांनीच चालवलेल्या लेस्बियन अभिलेखागारात शेरिल जाते, तर काळ्या स्त्रियांची छायाचित्रे एका खोक्यात कोंबलेली, ना तारीख ना नोंद. विदुषी कॅमिल पाग्लिया पडद्यावर स्वतःच अवतरून कलिंगडाच्या लाल-पांढऱ्या-हिरव्या रंगात इटलीचा झेंडा पाहते. विद्वत्तेची एवढी मिस्कील टर क्वचितच उडवली गेली असेल. शेरिलला गोरी प्रेयसी मिळते, तर तिची काळी मैत्रीण तिला टोचून बोलते. आणि कलिंगडवालीची म्हातारी जोडीदारीण जून वॉकर कळवते की, त्या गोऱ्या दिग्दर्शिकेचे नाव आमच्या कहाणीत नको. संसदेतल्या गदारोळात यातले काहीच ऐकू आले नाही.

शेवटी पडद्यावर कबुली येते की फे रिचर्ड्स नावाची ही नटी काल्पनिक आहे. कधीकधी आपला इतिहास आपल्यालाच निर्माण करावा लागतो. यावर आक्षेप घेता येतो. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांनी खोटे पुरावे तयार केले तर खऱ्या पुराव्यांवर कोण विश्वास ठेवील? प्रश्न रास्त आहे. पण डुन्ये फसवून पळत नाही, कबुली देऊन थांबते. त्या एका ओळीने प्रेक्षकाला कळते की इतका वेळ आपण जिच्यासाठी हळहळलो ती नव्हतीच. आणि मग ज्या खरोखर होत्या त्यांची नावे आठवायला गेले तर आठवत नाहीत.

दखल कोणीच घेतली नाही असे नव्हे. बर्लिन महोत्सवात १९९६ सालीच टेडी पारितोषिक मिळाले. घरी मात्र मान मिळायला पंचवीस वर्षे लागली: २०२१ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करावयाच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत तो घेतला. आता समीक्षक ‘पहिला’, ‘ऐतिहासिक’ म्हणतात आणि पुढे जातात. पूर्वी शय्यादृश्यात चित्रपट बुडवला, आता क्रमांकात. तो किती विनोदी आहे, आपल्याच लोकांशी कसा भांडतो, हे लिहायला अजूनही थोडेच तयार असतात.

या चित्रपटासाठी झोई लिओनार्ड या छायाचित्रकर्तीने फे रिचर्ड्सची जुनी भासणारी ८२ छायाचित्रे तयार केली. १९९७ साली ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात लागली. कधीच न जन्मलेल्या कलिंगडवालीला तिथे भिंत मिळाली, चौकट मिळाली आणि खाली तिचे स्वतःचे नावही मिळाले.