धुण्याच्या पाण्याचा हिशेब कोण मांडणार?

बालाघाटच्या पठारावर, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेकनूर हे बाजारपेठेचे गाव आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील शेतकरी, शेतमजूर आणि ऊसतोड कामगार तेथे आठवडी बाजाराला येतात. परतताना मीठमिरचीबरोबर साबणाची वडी प्रत्येक पिशवीत असते. या वडीचा किती भाग कपड्यांचा मळ काढण्यात खर्च होतो आणि किती भाग पाण्यातल्या क्षारांशी झुंजण्यात वाया जातो, हा प्रश्न सरकारी नियोजनाच्या कक्षेत येत नाही. पिण्यापुरते शुद्ध पाणी दिले की कर्तव्य संपले, धुण्याला कोणतेही पाणी चालते, असे राज्यकर्त्यांचे अर्थशास्त्र सांगते. हे अर्थशास्त्र खोटे आहे. ते खोटे आहे हे सिद्ध करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही, तराजू पुरेसा आहे.

मराठवाड्याच्या काळ्या खडकाच्या भेगांतून विंधन विहिरीत येणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात, बायाबापड्या जड पाणी म्हणतात. भारतीय मानकानुसार अशी कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. मात्र ‘पर्यायी स्रोत नसल्यास’ ६०० पर्यंत चालते! ज्याला पर्याय आहे त्याला एक मर्यादा, ज्याला नाही त्याला तिप्पट. विषमतेची इतकी प्रांजळ कबुली क्वचितच वाचावयास मिळते.

मधला आकडा घेऊन, एखाद्या विहिरीच्या पाण्याची कठीणता ४०० मिलिग्रॅम धरावी. पाच माणसांच्या कुटुंबाला साबण कालवण्यासाठी रोज २५ लिटर पाणी लागते असे मानले, तर ४० दिवसांत एक हजार लिटर होतात. या हजार लिटरांतले क्षार फेस येण्यापूर्वीच सुमारे २.४ किलो शुद्ध साबण गिळतात. डिटर्जंटच्या वडीला जड पाणी एवढे छळत नाही हे खरे. पण तीही जास्त घासावी लागते, आणि अंगाच्या साबणाला तर ती सवलतही नाही. हा साबण म्हणजे कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारा पाणीकर आहे. जितके पाणी वाईट तितका कर जास्त, आणि वाईट पाणी कोणाच्या वाट्याला येते हे सांगावयास नको.

आता तेच हजार लिटर पाणी धुण्याजोगे करण्याचे मार्ग एका तराजूत तोलावेत. उकळल्याने कठीणतेचा काही भाग जातो. परंतु साध्या चुलीवर, जिथे जळणाची नव्वद टक्के उष्णता वाया जाते, तेथे सुमारे १९० किलो लाकूड लागेल. गॅसवर करावे तर १४.२ किलोच्या सिलिंडरमधला ११ किलोहून अधिक गॅस संपेल. शुद्धीकरण यंत्राच्या पाण्याचा २० लिटरचा जार अवघ्या पाच रुपयांना मिळतो असे धरले तरी ५० जारांचे अडीचशे रुपये होतात. दर वीस रुपये असेल तर हजार. शिवाय घरगुती आर.ओ. यंत्रे एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा तीन लिटर पाणी फेकून देतात. टंचाईच्या मुलखात हा उपाय नव्हे, उधळपट्टी आहे.

घरातल्या घरात धुण्याचा सोडा घातला तर सव्वाचारशे ग्रॅम निर्जल सोड्यात काम भागते. साबणाच्या नासाडीच्या हे पाचव्या हिश्श्याइतकेही नाही. पण तेथेही मात्रा चुकली तर हात फुटतात, आणि हात बाईचेच असतात. छपराचे पाणी तर मुळातच मऊ. तीस चौरस मीटर पत्र्यावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी १४ हजार लिटर हाती येतात. अडचण टाकीची आहे. ती बांधण्याइतके भांडवल मजुराकडे नसते आणि जागाही नसते.

उरतो सर्वांत स्वस्त मार्ग, आणि तो एकट्यादुकट्याचा नाही. गावाच्या साठवण टाकीपाशीच कळीच्या चुन्याची निवळी मोजून मिसळली, तर कॅल्शियमची अस्थायी कठीणता हजार लिटरांमागे सुमारे ३०० ग्रॅम चुन्यात खाली बसते. मॅग्नेशियम असेल तर दुप्पट चुना लागतो, स्थायी कठीणतेसाठी थोडा सोडा लागतो. जंतुनाशक ब्लीचिंग पावडर काही ग्रॅमच. यात गाळ उपसावा लागतो, मात्रा रोज तपासावी लागते, पाण्यात उरलेला चुना मारावा लागतो. म्हणजे एक प्रशिक्षित कामगार आणि त्याचा नियमित पगार हवा. ही युक्ती काही नवी नव्हे. इंग्लंडमध्ये टॉमस क्लार्कने १८४१ साली तिचे पेटंट घेतले होते. तंत्र पावणेदोनशे वर्षे जुने, कच्चा माल भट्टीवर मिळणारा. तरीही ते गावात येत नाही, कारण त्यात जार विकता येत नाहीत.

२०१९ साली जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी, तेही मानकाप्रमाणे, देण्याचे वचन दिले. पाच माणसांना २७५ लिटर. या ५५ लिटरांत धुणे आले, आंघोळ आली. मात्र जेथे पाणी दूषित आहे तेथे सामुदायिक शुद्धीकरण केंद्रातून माणशी आठ-दहा लिटर पिण्यास व स्वयंपाकास देण्याची तात्पुरती सोय त्याच योजनेत आहे. तात्पुरते या देशात कायमचे कसे होते हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. ५५ चे दहा झाले, उरलेल्या ४५ लिटरांची किंमत साबण, सरपण आणि बाईच्या कंबरेने चुकवायची!

बीड जिल्ह्यातून दरवर्षी हंगामाला निघणाऱ्या ऊसतोड बाया कोपीत पाण्यावाचून दिवस काढतात. पाळीचे कापड स्वच्छ धुण्याइतके पाणीही जेथे दुर्मीळ, तेथे आरोग्याची भाषणे व्यर्थ आहेत. या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्याची कारणे अनेक आहेत. पण धुण्याचे पाणी ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने एकदा फडावर जाऊन यावे.

महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी पाण्याचा हक्क बजावला. मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ झाल्या त्या मुंबईतल्या सामान्य माणसाच्या नळासाठी लढून. १९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी तीन आण्यांचा हिशेब मांडून सरासरीच्या आकड्यांमागे दडलेला माणूस उघडा केला. आज तोच हिशेब पाण्याचा मांडावयाचा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत मोर्च्याआधी कागद न्यावा. मिशननुसार प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यावयाचे आहे. त्यांच्याकडून प्रत्येक स्रोताची कठीणता मोजून फळ्यावर लिहावी. हजार लिटरांमागे प्रत्येक मार्गाचा खर्च, साबण व जळणासह, ग्रामपंचायतीने जाहीर करावा. तो जाहीर होईपर्यंत नव्या आर.ओ. यंत्राची निविदा निघू देऊ नये. शाळा, दवाखाना, पंचायत यांच्या छपरांचे पाणी सार्वजनिक टाकीत आणि गावच्या टाकीला निवळीची सोय, या मागण्या आधी मान्य व्हाव्यात. पाणी सर्वांचे असेल तर ते शुद्ध करण्याचा खर्चही सर्वांचा असला पाहिजे. तो एकेका चुलीवर ढकलणे ही काटकसर नव्हे, लूट आहे.